उंदराचे ऋण आणि घरातले मौन



एखाद्या जीवाने आजारी पडावे एवढ्याचसाठी त्याला जन्माला घालणे योग्य आहे काय? आपल्या युवक मंडळाच्या बैठकीत बी.एस्सी.ला शिकणाऱ्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. स्त्रियांच्या अंडाशयाचा कॅन्सर आनुवंशिक कसा होतो याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञ उंदरांच्या जनुकांत बदल करतात आणि त्या उंदरांना तोच कॅन्सर होईल अशी व्यवस्था करतात, असे तिने वाचले होते. "फादर, देवाने निर्मिलेल्या निरपराध जीवाला आपण मुद्दाम रोग देतो आणि त्याला मानवसेवा म्हणतो, हे कसे?" असे तिचे म्हणणे होते. तेथेच बसलेल्या एका भगिनीची थोरली बहीण याच आजाराने गेली आहे. ती म्हणाली, "तिच्या पोटातलं पाणी काढताना मी पाहिलं आहे. तेव्हा मला कुणी उंदरांचं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, लागतील तेवढे घ्या."

दोघीही मनापासून बोलत होत्या आणि दोघींच्या बोलण्यात तथ्य होते. म्हणून हा विषय आज या पानावर जरा सविस्तर घेत आहे. माझे म्हणणे आधीच थोडक्यात सांगतो. अशा संशोधनाला 'होय' म्हणता येते. पण 'होय' म्हणणाऱ्याच्या डोक्यावर एक ऋण चढते. त्या ऋणाचा अर्धा भाग शास्त्रज्ञाने फेडायचा असतो आणि उरलेला अर्धा तुम्ही-आम्ही, आपापल्या घरात.

आजार कसा आहे?

अंडाशय म्हणजे स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असणाऱ्या, बदामाएवढ्या दोन ग्रंथी. त्या इतक्या आत असतात की तेथे गाठ झाली तरी हाताला लागत नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही या आजाराची लक्षणे. अशी लक्षणे कोणत्या बाईला कधी ना कधी होत नाहीत? मग गॅस झाला म्हणून ओवा खाल्ला जातो, वयाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष होते, सोयाबीन निघाले की दवाखान्यात जाऊ म्हणून महिने जातात. बहुतेक रुग्णांचे निदान होते तेव्हा रोग पोटात पसरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना हा रोग नव्याने झाला. त्यांपैकी सुमारे ४७ हजार आपल्या देशातल्या होत्या. त्याच वर्षी भारतात ३२ हजारांहून अधिक स्त्रिया या रोगाने दगावल्या.

सगळ्याच निरोगी स्त्रियांची दरवर्षी तपासणी केली तर? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयत्न झाला. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. २०२१ साली निष्कर्ष हाती आला: अशा सरसकट तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कोणत्या स्त्रीला धोका जास्त आहे हे आधीच ओळखणे मोलाचे ठरते, आणि त्यासाठी घराण्याकडे, म्हणजे जनुकांकडे, पाहावे लागते.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा धागा असतो. तो रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशीतील काही जनुके रफूगारासारखी तो सांधत असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही अशीच दोन जनुके. पहिल्याचा शोध १९९४ मध्ये लागला, दुसऱ्याचा १९९५ मध्ये. यांपैकी एकात जन्मतः बिघाड असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा, असे दोन्ही कॅन्सर होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्या स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कॅन्सर होतो. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, मुख्यतः पाश्चात्य देशांतील अभ्यासात असे दिसले की बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना आणि बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या सुमारे १७ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत हा रोग होतो.

उंदीर आणि कोंबडी कशासाठी?

आनुवंशिकतेचा अभ्यास माणसांवर करणे कठीण. आपली एक पिढी वीस-पंचवीस वर्षांची. कोणी कोणाशी लग्न करावे हे शास्त्रज्ञ ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले दोन महिन्यांत स्वतः पिल्ले देण्याजोगी होतात. एकाच कुळीच्या उंदरांची पैदास करून, त्यांना एकसारखे अन्न देऊन, एकाच गोष्टीत फरक ठेवता येतो.

या कामात आपल्या महाराष्ट्राच्या एका लेकीचा मोठा वाटा आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून त्या परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. उंदरांच्या निरनिराळ्या कुळींमध्ये स्तनाचा कॅन्सर कसा उतरतो, त्यात आनुवंशिकतेचा भाग किती आणि हार्मोन्सचा किती, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा होता, अंडाशयाच्या नव्हे. पण स्तन आणि अंडाशय यांचे आनुवंशिक नाते पुढे उघड झाले. ती संस्था आता टाटा मेमोरियल सेंटरचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघरला आहे आणि तेथे प्रयोगासाठीच्या प्राण्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

उंदरांपासून काय शिकायला मिळते याचे एक जुने उदाहरण पाहा. काही कुळींत आईला स्तनाचा कॅन्सर असला की लेकींनाही होई. सर्वांना वाटले, हे रक्तातून उतरते. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा पिल्लांना जन्मतःच दुसऱ्या कुळीच्या उंदरिणीच्या दुधावर वाढवले, आणि त्यांच्यात कॅन्सरचे प्रमाण एकदम घटले. पुढे समजले की त्या उंदरांत एक विषाणू दुधातून जात होता. (माताभगिनींनी घाबरू नये. ही गोष्ट उंदरांची आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका उलट कमी होतो.) जे आनुवंशिक वाटते ते नेहमी आनुवंशिक असतेच असे नाही, आणि उंदीर म्हणजे स्त्री नव्हे, हे दोन्ही धडे एकाच प्रयोगाने दिले.

अंडाशयाच्या बाबतीत उंदराने सहजासहजी उत्तर दिले नाही. बीआरसीए-१ ची एक प्रत बिघडलेल्या स्त्रीला मोठा धोका असतो. तसा उंदीर मात्र जवळजवळ निरोगी राहतो. दोन्ही प्रती बिघडवल्या तर पिल्लू गर्भातच मरते. मग शास्त्रज्ञांनी फक्त ठरावीक पेशींमध्येच जनुके निकामी करण्याची रीत शोधली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. धोका असलेल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भनलिका तपासताना नेदरलँड्समधील डॉक्टरांना २००१ मध्येच शंका आली होती की हा रोग अंडाशयात नव्हे, तर शेजारच्या नलिकेत सुरू होत असावा. २०१२ आणि २०१३ मध्ये उंदरांच्या नलिकेतील पेशींत जनुके निकामी केल्यावर खरोखरच तेथे कॅन्सर उगवला आणि अंडाशयावर पसरला. या रोगाचा सर्वांत जास्त आढळणारा, घातक प्रकार बहुधा नलिकेतच जन्मतो, असे आता मानले जाते. आणखी एक फळ म्हणजे औषध. बीआरसीए बिघडलेल्या पेशींना एका विशिष्ट औषधगटाने मारता येते, हे २००५ मध्ये काचपात्रात आणि उंदरांमध्ये दिसले. त्यातील ओलापॅरिब हे औषध डिसेंबर २०१४ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्य झाले.

आणि कोंबडी! उंदराला हा रोग सहसा आपोआप होत नाही. अंडी घालणाऱ्या कोंबडीला, ती दोन-चार वर्षे जगली तर, होतो. महमूद फथाला या इजिप्तच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये एक विचार मांडला. बीज बाहेर पडताना दर वेळी अंडाशयाला जखम होते आणि ती भरते. असे विनाखंड होत राहिले तर केव्हातरी भरण्यात चूक होत असावी. जवळजवळ रोज अंडे घालणारी कोंबडी या विचाराची चालतीबोलती साक्ष आहे. ज्या स्त्रीला बाळंतपणे झाली नाहीत तिला धोका काहीसा अधिक असतो, तो बहुधा याच कारणाने. आपल्या धर्मभगिनींनीही हे लक्षात ठेवावे आणि पोटाची तक्रार अंगावर काढू नये.

हरकती आणि उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही जण म्हणतील, फादर, घरात उंदीर झाले की आपण औषध टाकून मारतोच, कोठीतले धान्य वाचवायला. आणि सणाला कोंबडीही कापतो. मग प्रयोगशाळेतल्या उंदराचेच एवढे काय? या हरकतीत अर्धे सत्य आहे. जिभेच्या चवीसाठी जो कोंबडी कापतो, त्याने आईचा जीव वाचवण्यासाठी कोंबडी वापरणाऱ्याला पापी म्हणू नये. पण कोठीतला उंदीर आणि प्रयोगशाळेतला उंदीर यांत एक फरक आहे. कोठीतला आपल्यावर चालून आला आहे. प्रयोगशाळेतल्याला आपण जन्म दिला, आपण पोसले. तो पूर्णपणे आपल्या हवाली आहे. जो जीव आपल्या हवाली असतो त्याच्याविषयीचे कर्तव्य मोठे असते, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तो चोळतो ते याच भावनेने: तू माझे जू वाहिलेस, मी तुझे देणे लागतो.

तत्त्वज्ञांनीही यावर पुष्कळ विचार केला. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच विचारवंताने प्राण्यांना यंत्रासारखे मानले. त्यांचे वागणे त्याच्या मते घड्याळाच्या चालण्यासारखे. ज्याने कधी कुत्रा पाळला आहे त्याला हे पटणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत असे मानले, पण प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा दिला. १७८९ मध्ये इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम याने विचारले की प्राण्याला बुद्धी आहे की नाही यापेक्षा त्याला वेदना होतात की नाही, हे का पाहू नये? वेदना होतात, हे आता विज्ञानच सांगते.

येथे एक अवघड पेच उभा राहतो. उंदीर आपल्यासारखा नसेल तर त्याच्यावरच्या प्रयोगाचा उपयोग काय? आणि तो आपल्यासारखा असेल तर त्याला दुखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? या पेचातून पूर्ण सुटका नाही, पण थोडी वाट आहे. उंदीर आणि आपण पेशीच्या पातळीवर सारखे आहोत आणि वेदनेच्या बाबतीतही बरेच सारखे आहोत. पण आपल्या मुलींसाठी आज काही सोसावे, आपल्या मरणाचा अर्थ काय हे शोधावे, दिलेला शब्द पाळावा, हे उंदराला करता येत नाही. म्हणून आईचा जीव आणि उंदराचा जीव एका तागडीत घालता येत नाहीत. मात्र वेदना होणारा जीव म्हणून त्याचे स्वतःचे काही मोल आहेच, आणि त्याला कारणावाचून दुखवणे हा अन्यायच आहे. प्रभू येशूने दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी सांगितले ते आठवा. देव एकाही चिमणीला विसरत नाही आणि तुम्ही चिमण्यांहून मोलाचे आहात, या दोन्ही गोष्टी तो एकाच दमात सांगतो. आपण सोयीप्रमाणे त्यातली एकच ऐकतो. योनाच्या पुस्तकाच्या शेवटी निनवेवर दया करताना देव तिथल्या गुराढोरांचाही उल्लेख करतो.

तरीही त्या मुलीच्या प्रश्नातला खरा काटा शिल्लक राहतो: आजारी पडण्यासाठीच जन्म. बैल जू वाहतो, पण तो बैल म्हणून जगतो. जनुके बदललेला उंदीर मात्र रोगासाठीच घडवलेला असतो. १९८८ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाला कॅन्सर होणाऱ्या उंदरावर पेटंट मिळाले, म्हणजे कायद्याने तो 'शोध' ठरला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तसे पेटंट नाकारले. आपल्या देशाच्या पेटंट कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीपासून प्राण्यावर पेटंट मिळत नाही. हे मला योग्य वाटते. माणूस उंदराचे एखादे जनुक बदलू शकतो. उंदीर त्याने निर्माण केलेला नाही. वापर करण्याची मुभा मिळाली म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. ज्याला हा फरक कळतो तोच प्रयोगशाळेत हात आवरता घेतो.

शास्त्रज्ञाचे ऋण

आपल्या ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिकवणीचा आशय असा: प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोग वाजवी मर्यादेत राहून माणसाचे जीव वाचवण्यास हातभार लावत असतील तर ते नैतिकदृष्ट्या चालतात, पण प्राण्यांना विनाकारण वेदना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. मर्यादा म्हणजे काय, हे बारकाईने सांगण्याचे काम विज्ञानाने आणि कायद्याने केले आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले. प्राण्यावाचून काम होत असेल तर प्राणी वापरू नये. वापरायचाच असेल तर कमीत कमी संख्येने वापरावा. आणि जो वापरला त्याला कमीत कमी वेदना व्हाव्यात. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. राज्यसभेत या विषयाचा पाठपुरावा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी केला होता. शक्य तेथे प्रयोग टाळावा, भूल द्यावी, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, केवळ हात बसावा म्हणून प्राणी कापू नये, असे त्या कायद्यात आहे. १९९८ च्या नियमांनंतर प्रत्येक संस्थेला नीतिसमिती नेमावी लागते आणि तिच्यात शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असणारा एक सदस्यही असतो. म्हणजे आपल्यासारख्या साध्या माणसालाही तेथे प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

काळ पुढे जात आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आपल्या देशात २०१४ मध्ये बंद झाली, ते योग्यच झाले; गालावरच्या क्रीमसाठी सशाचे डोळे जाळण्याचे समर्थन कोणी करू शकत नाही. रुग्णाच्याच गाठीतल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्यावर औषधे तपासण्याची रीतही पुढे आली आहे. २०२३ मध्ये भारताच्या औषध-चाचणीच्या नियमांत अशा प्राणीविरहित पद्धतींना जागा मिळाली. उद्या उंदराची गरज उरली नाही, तर आज दिलेली परवानगीही उद्या संपेल. गरजेपुरती दिलेली परवानगी गरज सरल्यावर टिकत नाही.

आपले ऋण

आता आपल्या वाट्याचे. आपण या प्रश्नाकडे दुरून पाहतो असे समजू नका. आपल्या भागात रात्रीच्या ओलिताला गेलेल्या माणसाला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले, तर दवाखान्यात त्याला जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती निर्माण करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांआधी स्वतःला टोचून घेतली. प्राण्यावर जे ओझे टाकले त्याचा थोडा भाग त्यांनी स्वतःही उचलला. आपल्यापैकी किती घरांतला कर्ता माणूस एखाद्या घोड्यामुळे आज जिवंत आहे! ऋण घेतलेच आहे. फेडण्याचे तेवढे पाहायचे.

कसे फेडायचे? जे ज्ञान एवढ्या जीवांच्या मोबदल्यात मिळाले ते वाया जाऊ न देऊन. आणि येथे मला एक कडू गोष्ट सांगावी लागते. हे ज्ञान आपण आपल्या घरातच वाया घालवतो. आत्या कशाने गेली? "पोटाच्या दुखण्याने." आजी? "तिला पाणी झालं होतं." मावशीच्या छातीत गाठ होती हे तिच्या सख्ख्या भाचीला ठाऊक नसते. कारण काय, तर मुलींच्या सोयरिकीत अडचण येईल. घराण्याला खोट आहे असे लोक म्हणतील. मग एक बाई जाते, दहा-पंधरा वर्षांनी तिची लेक त्याच वाटेने जाते, आणि दोन्ही वेळा डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला होता का?" आणि उत्तर मिळते, "नाही."

खोलवर विचार केला तर हे मौन प्रयोगशाळेतल्या निष्काळजीपणापेक्षा लहान नाही. विनाकारण उंदीर मारणारा शास्त्रज्ञ दोषी, असे आपण म्हणतो. मग त्या उंदरांच्या मरणातून जे कळले ते लेकीपासून लपवणारा बाप किंवा आई यांना काय म्हणावे? त्यांनी ते उंदीर दुसऱ्यांदा व्यर्थ मारले, आणि लेकीलाही धोक्यात ठेवले.

याबाबत दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली गोष्ट, हा बिघाड आईकडून जसा येतो तसा वडिलांकडूनही येतो. ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून "सुनेच्या माहेरचा रोग" हे बोलणे अज्ञानाचे आहे. दुसरी गोष्ट, तो मिळाला म्हणजे रोग झालाच असे नव्हे, आणि हा रोग झालेल्या दर पाच-सहा स्त्रियांपैकी साधारण एकीतच असा आनुवंशिक बिघाड सापडतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने तो हिशोबच नाकारला. जनुकातला बिघाड हा शाप नाही, शिक्षा नाही आणि लाजेची गोष्टही नाही.

कोणाला सांगावे आणि कोणाला नाही? गावभर सांगण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या कुतूहलाला आपल्या आजारावर हक्क नाही. पण ज्यांच्या रक्तात तीच गोष्ट असू शकते, त्या बहिणी, मुली, भाच्या, पुतण्या यांचा त्यावर हक्क आहे. कारण त्यावर त्यांचा जीव अवलंबून आहे. अँजेलिना जोली या अमेरिकन अभिनेत्रीची आई २००७ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरने वारली. तिने स्वतःची तपासणी करून घेतली आणि २०१३ व २०१५ मध्ये आपल्या शस्त्रक्रियांविषयी जगाला उघडपणे सांगितले. आपल्याला जगाला सांगायचे नाही, घरातल्या चार बायकांना सांगायचे आहे.

ज्यांच्या घरात अंडाशयाचा कॅन्सर झालेली एक जरी स्त्री असेल, किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रिया असतील, त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी वेगळा विभाग आहे. जनुक-तपासणी कोणावर सक्तीची नाही. आधी समुपदेशन घ्यावे, मग ठरवावे. बिघाड निघालाच, तर मुले झाल्यावर, साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, अंडाशय आणि नलिका काढण्याचा सल्ला डॉक्टर देतात. त्याने धोका पुष्कळच कमी होतो. काही भगिनींना शंका वाटते की हे संततिनियमन तर नाही ना. या शस्त्रक्रियेचा हेतू जीवघेणा रोग टाळणे हा असतो, तेव्हा मनात भीती ठेवू नये. शंका उरली तर मला येऊन भेटावे; बोलणे आपल्यातच राहील.

त्या मुलीला मी एवढेच सांगेन की तुझा प्रश्न सोडू नकोस. पुढे प्रयोगशाळेत गेलीस, तर हा उंदीर खरोखर लागणारच आहे का, हे दर वेळी विचार. आणि बाकीच्यांना विनंती की या रविवारी जेवणे आटोपल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. आजी कशाने गेली, पणजी कशाने गेली, आत्याला नेमके काय झाले होते, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्या वहीचे एक पान आपल्या लेकीच्या हाती द्या.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू